ह्यूम पाईप देशात रुजवणारा कंत्राटदार

वर्धा जिल्ह्यात पुलगावला लागून असलेले नाचणगाव असो की कोकणातील एखादी वाडी. शिवारातल्या रस्त्याला ओढा आडवा आला की काँक्रीटचे गोल नळ ट्रकमधून येतात, ओढ्याच्या तळाशी ओळीने बसवले जातात, वर मुरूम-खडी पडते आणि वाट मोकळी होते. सरपंचापासून गवंड्यापर्यंत सारे त्यांना ह्यूम पाईप म्हणतात. ह्यूम हे ऑस्ट्रेलियातील एका संशोधकाचे आडनाव. ते भारतात खेडोपाडी पोहोचले, त्यामागे सोलापूरच्या एका कंत्राटदाराची दूरदृष्टी होती. त्या कंत्राटदाराचे नाव वालचंद हिराचंद.

जहाज, विमान आणि मोटार या तीन उद्योगांमुळे वालचंद इतिहासात अजरामर झाले. त्यांची खरी जडणघडण मात्र बांधकामाच्या मातीत झाली. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात, गुजरातेतून येऊन स्थायिक झालेल्या दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घराण्याच्या कापूस आणि सावकारीच्या व्यवहारात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून फाटक-वालचंद या जोडीची कंत्राटदारी सुरू झाली. एकाजवळ रेल्वेच्या कामाची माहिती होती, दुसऱ्याजवळ भांडवल उभे करण्याची पत आणि जोखीम घेण्याची छाती.

१९२० च्या सुमारास हा व्यवसाय टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीशी जोडला गेला. मुंबई-पुणे लोहमार्गावरील बोरघाटाचे बोगदे, तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणारी नळवाहिनी अशी अवघड कामे वालचंदांच्या हाताखाली झाली. पुढे सिंधू नदीवरील कालाबागचा पूल आणि ब्रह्मदेशातील इरावतीवरील पूलही त्यांच्या नावावर जमा झाले. मोठी कामे इंग्रज कंपन्यांनीच करावीत, या समजुतीला त्यामुळे तडा गेला.

१९२६ हे वर्ष या प्रवासातील वळणाचे ठरले. त्या एकाच वर्षी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन आणि इंडियन ह्यूम पाईप या दोन कंपन्या उभ्या राहिल्या. पहिली जागेवर बांधणारी, तर दुसरी कारखान्यात घडवणारी.

वॉल्टर ह्यूम यांनी १९१० मध्ये शोधलेली पद्धत दिसायला साधी होती. पोलादी साच्यात सळयांचा पिंजरा बसवायचा, साचा वेगाने फिरवायचा आणि आत काँक्रीट सोडायचे. फिरण्याच्या जोराने काँक्रीट साच्याच्या भिंतीवर दाबले जाते, त्यातले जादा पाणी आतल्या बाजूला निथळते आणि घट्ट, सारख्या जाडीचा नळ तयार होतो. नंतर तो ओला ठेवून पक्का केला जातो. जागेवर फळ्या ठोकून ओतलेल्या काँक्रीटचा दर्जा ऊन, पाऊस आणि गवंड्याचा हात यांवर अवलंबून असतो. कारखान्यातल्या नळाचा दर्जा साच्यावर आणि देखरेखीवर ठरतो. हा फरक बोगदे आणि नळवाहिन्यांची कामे करणाऱ्या माणसाला सांगावा लागत नाही.

तरीही हा निर्णय सोपा नव्हता. काम संपले की कंत्राटदार गाशा गुंडाळून पुढच्या कामावर जातो. कारखान्याला तसे करता येत नाही. मागणी आली नाही तर साचे गंजतात आणि भांडवल अडकते. गिऱ्हाईक म्हणजे सरकारी खाती आणि नगरपालिका. त्यांनी नवा माल नाकारला तर सारेच बुडणार. शिवाय नळ वजनदार, दूरवर नेण्याचे भाडे न परवडणारे. त्यावर उत्तर निघाले ते एकाच ठिकाणी अवाढव्य कारखाना न काढता, काम असेल त्या भागात कारखाने उभारण्याचे. देशभर पसरलेल्या कारखान्यांमुळेच ह्यूम पाईप हा शब्द सामान्यनाम बनला.

परदेशी तंत्र, देशी भांडवल आणि देशातच उत्पादन हे सूत्र वालचंदांनी पुढे मोठ्या प्रमाणावर वापरले. १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीची पायाभरणी, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. सारेच त्यांच्या हाती राहिले नाही. विमानांचा कारखाना १९४२ मध्ये, तर जहाजबांधणी १९५२ मध्ये सरकारकडे गेली. पक्षाघाताने थकलेल्या वालचंदांचे ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे निधन झाले.

आज मेट्रोच्या उड्डाणमार्गाचे काँक्रीटचे तुकडे यार्डात घडवून खांबांवर चढवले जातात. कार्यालयांत विटांऐवजी जिप्सम बोर्डाच्या कोरड्या भिंती उभ्या राहतात. वीटकामात मुरलेल्या लहान कंत्राटदारापुढे आज तोच प्रश्न आहे, जो १९२६ मध्ये वालचंदांपुढे होता: हातचे चालू काम धरून ठेवायचे, की त्यातला काही भाग कारखान्याकडे सोपवून नवे तंत्र शिकायचे? वालचंदांनी दोन्ही केले. बांधकाम सोडले नाही आणि कारखान्याला नकारही दिला नाही. नाचणगावच्या ओढ्यापर्यंत पोहोचलेला ह्यूम पाईप ही त्या निर्णयाची साक्ष आहे.