डॉ. अनिता अवचट : घरापर्यंत पोहोचलेला उपचार

औरंगपुरा म्हटले की पुस्तकांची दुकाने, सरस्वती भुवनचा परिसर आणि महात्मा फुले यांचा पुतळा डोळ्यांपुढे येतो. शाळा-महाविद्यालयांच्या या गजबजलेल्या भागातून फिरताना छत्रपती संभाजीनगरच्या वर्तमानपत्रांत गेली काही वर्षे वारंवार येणाऱ्या एका बातमीची आठवण होते. ती बातमी असते 'बटण' नावाने ओळखल्या जाणाऱ्या नशेच्या गोळ्यांची. पोलीस साठा पकडतात, विक्रेत्याला अटक होते, बातमी छापून येते. ज्याच्यासाठी तो साठा आणलेला असतो, त्या मुलाचे पुढे काय होते, याची बातमी मात्र सहसा येत नाही.

चार दशकांपूर्वी पुण्या-मुंबईत अशीच धास्ती 'गर्द' या शब्दाने निर्माण केली होती. त्या वेळी पकडल्या गेलेल्या मालापेक्षा त्यात अडकलेल्या माणसाचा विचार करणारी एक डॉक्टर पुण्यात होती. डॉ. अनिता अवचट हे त्यांचे नाव. मराठी वाचकांपैकी बहुतेकांना त्या माहीत आहेत त्या पती डॉ. अनिल अवचट यांच्या लेखनातील 'सुनंदा' म्हणून. साहित्यिक पतीच्या पुस्तकांतील एक प्रेमळ व्यक्तिरेखा एवढीच त्यांची ओळख उरावी, हे त्यांच्या कामावर अन्याय करणारे आहे.

वैद्यकीय शिक्षणाच्या काळातच दोघांची ओळख झाली आणि पुढे विवाह झाला. अनिल अवचट यांनी पदवी घेऊनही वैद्यकीय व्यवसाय केला नाही. ते लेखनाकडे आणि सामाजिक चळवळींकडे वळले. घर चालले ते अनिताबाईंच्या पगारावर. त्या काळच्या मध्यमवर्गीय पुण्यात ही सोपी गोष्ट नव्हती. मुक्ता आणि यशोदा या मुलींना सांभाळणारे वडील आणि रोज येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरीला जाणारी आई, अशी या घराची घडी बसली. मनोविकारतज्ज्ञ म्हणून येरवड्यात काढलेली ही वर्षे पुढच्या कामाची खरी तयारी ठरली. घरच्यांनी आशा सोडलेली माणसे त्या रोज पाहत होत्या.

ऐंशीच्या दशकात 'ब्राऊन शुगर' म्हणजे अशुद्ध हेरॉईन महाराष्ट्राच्या शहरांत पसरू लागले. चांदीच्या कागदावर पूड ठेवून खालून काडी पेटवायची आणि धूर ओढायचा, ही त्याची रीत. सुई नाही, दारूसारखा वास नाही. त्यामुळे आईवडिलांना पत्ता लागेपर्यंत मुलगा पुरता अडकलेला असे. पूड मिळाली नाही की काही तासांतच नाका-डोळ्यांतून पाणी, अंगदुखी, जुलाब, तळमळ सुरू होई. व्यसनी मंडळी याला 'टर्की' म्हणत. अनिल अवचट यांनी या मुलांना आणि त्यांच्या पालकांना भेटून लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. यावर काही उभे करायचे असेल तर आर्थिक मदत देण्याची तयारी त्यांनी दाखविली आणि पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानतर्फे एक लाख रुपये दिले.

पैसा आला, पण काम करणार कोण, हा प्रश्न होताच. लेखकाने प्रश्न मांडला होता. तो अंगावर घेतला मनोविकारतज्ज्ञ पत्नीने. मनोरुग्णालयाच्याच आवारात जागा मिळाली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पु. लं.च्या उपस्थितीत 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले.

आज व्यसनाला आजार म्हणणे अंगवळणी पडले आहे. त्या काळी गर्दुल्ला म्हणजे चोर, असेच समीकरण होते. घरातील भांडीकुंडी विकणाऱ्या मुलाला कोंडून ठेवावे, मारावे, नाहीतर पोलिसांच्या हवाली करावे, यापलीकडे पालकांना वाट दिसत नसे. मुक्तांगणने वेगळी रीत घालून दिली. येथे दाखल होणारा रुग्ण न राहता 'रुग्णमित्र' झाला. समूहात मन मोकळे करणे, व्यायाम, कला आणि आपले काम आपण करणे यांना औषधाइतकेच महत्त्व आले. व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच पुढे कार्यकर्ते आणि समुपदेशक म्हणून उभे करण्यात आले. या मुलांची सबब ऐकताच ती खोटी आहे हे ओळखणारा माणूस पुस्तके वाचून तयार होत नाही. तो त्याच वाटेने गेलेला असावा लागतो. अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'चा पायाही हाच होता.

अनिताबाईंच्या कामातील सर्वांत मोलाचा भाग मात्र केंद्राच्या बाहेरचा आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. गर्दची शारीरिक 'टर्की' दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठते आणि साधारण आठवडाभरात ओसरते. एवढ्यासाठी फार मोठ्या व्यवस्थेची गरज नाही. खरी परीक्षा माणूस घरी परततो तेव्हा सुरू होते. गल्लीचे तेच वळण, तेच मित्र, तोच मोकळा वेळ. त्यात भर एका धोक्याची : काही आठवडे अंमली पदार्थ बंद राहिला की शरीराची सवय मोडते आणि पूर्वीचीच मात्रा पुन्हा घेतली तर जीव जाऊ शकतो. म्हणून घरी सोडल्यानंतरचा पाठपुरावा, नियमित बैठका आणि कुटुंबाला सोबत घेणे हा उपचाराचाच भाग मानला गेला. वर्षानुवर्षे नवऱ्याची बाटली लपविण्यात आणि त्याच्या वतीने कार्यालयात खोटे निरोप देण्यात आयुष्य गेलेल्या पत्नीलाही आधार हवा असतो. मुक्तांगणमधील 'सहचरी' हा पत्नींचा गट त्याच विचारातला. व्यसन सुटल्याचा वाढदिवस साजरा करण्याची प्रथाही तेथे आहे. जन्मतारखेपेक्षा ही तारीख महत्त्वाची मानणारी माणसे त्या दिवशी पाहायला मिळतात.

मुक्तांगणमधील निवासी उपचार आज ३५ दिवसांचा आहे. पण ३५ दिवस दुकान बंद ठेवणे किंवा नोकरीवरून गैरहजर राहणे अनेकांना शक्य नसते. अशांसाठी पाश्चात्त्य देशांत बाह्यरुग्ण पद्धतीचा सघन उपचार रुळला आहे. रुग्ण घरीच राहतो, कामावर जातो आणि आठवड्यातून किमान ९ तास गटचर्चा, समुपदेशन व तपासणीसाठी केंद्रात येतो. आपल्याकडे याची निकड किती आहे, हे केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीतून कळते. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणत्याही स्वरूपाचा उपचार मिळाल्याचे त्यात आढळले. दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांत एक. उरलेल्या सर्वांना पुरतील एवढ्या खाटा कोणतीही संस्था उभारू शकणार नाही.

अर्थात घरी राहून उपचार सर्वांना चालतो असे नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली तर झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. 'बटण' गोळ्यांचेही असेच आहे. यातील बऱ्याच गोळ्या मूळच्या झोपेच्या किंवा मनोविकारांवरच्या. डॉक्टरांनी मोजून-मापून द्यायचे औषध चिठ्ठीविना गल्लीत विकले जाते आणि त्याचीच नशा होते. त्या अचानक बंद न करता तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्या लागतात. मुलाला खोलीत कोंडून आठ दिवसांत सरळ करण्याचा घरगुती इलाज येथे जिवावर बेतू शकतो. आपल्या शहरात घाटी रुग्णालयाचा मनोविकार विभाग आहे. तेथे जाण्याची लाज वाटणे हाच अनेक कुटुंबांपुढचा मोठा अडसर असतो. औरंगपुऱ्यापासून घाटी फार लांब नाही, तरी हे अंतर कापायला काही घरांना वर्षे लागतात.

मुक्तांगण आकाराला येत असताना अनिताबाईंना कर्करोगाने गाठले होते. उपचार घेत, त्रास सोसत त्या काम करीत राहिल्या. रोज स्वतःच्या मनाशी झगडणाऱ्या मुलांपुढे आजाराशी झगडणारी डॉक्टर वावरत होती. १० फेब्रुवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले.

संस्थापक गेल्यावर संस्था विझण्याची उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत. मुक्तांगण टिकले. अनिल अवचट २७ जानेवारी २०२२ रोजी निधन होईपर्यंत या कामाशी जोडलेले होते आणि तेथील मुलांचे ते 'बाबा' होते. मानसशास्त्र शिकलेल्या मुलीने, मुक्ता पुणतांबेकर यांनी, संस्थेची धुरा सांभाळली. मनोरुग्णालयाच्या आवारातून केंद्र स्वतःच्या इमारतीत गेले. २००९ मध्ये स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग निघाला. अनिताबाईंच्या नावाने संघर्ष सन्मान पुरस्कार दिला जातो, तोही त्यांच्या स्मृतिदिनाचे औचित्य साधून.