संगणकाबरोबर माणसे घडविणारे नरसिंहन

भारतीय सॉफ्टवेअर सेवा उद्योगाचा इतिहास सांगताना बहुधा कंपन्यांची नावे घेतली जातात. मात्र, या उद्योगाला लागणारे कुशल मनुष्यबळ देशातच निर्माण व्हावे, यासाठी त्यापूर्वीच पाया घालणाऱ्यांमध्ये डॉ. रंगस्वामी नरसिंहन अग्रणी होते.

१९२६ मध्ये मद्रास येथे जन्मलेल्या नरसिंहन यांनी दूरसंचार अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळविली. १९५४ मध्ये ते मुंबईत डॉ. होमी भाभा यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. संस्थेने स्वतःचा संगणक बांधण्याचे ठरविले होते. त्यासाठी नेमलेल्या तरुणांच्या गटात नरसिंहन वगळता कुणीही संगणक हाताळलेलाही नव्हता.

या गटाने १९५६ मध्ये प्राथमिक यंत्र सिद्ध केले, तर १९६० मध्ये पूर्ण संगणक कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २७०० निर्वात नलिका आणि २०४८ शब्दांची स्मृती होती. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. तोपर्यंत परदेशात ट्रान्झिस्टरचे संगणक आल्याने हे यंत्र तंत्रदृष्ट्या जुने झाले होते.

हा खटाटोप म्हणून व्यर्थ ठरला नाही. यंत्र कालबाह्य झाले, तरी ते बांधताना व चालविताना मिळालेले ज्ञान देशात राहिले. १९६४ मध्ये संस्थेत अमेरिकी बनावटीचा 'सीडीसी ३६००' हा मोठा संगणक बसविण्यात आला. इतर संस्था व विद्यापीठांतील संशोधकांनाही त्याचा लाभ मिळाला आणि प्रोग्रॅमिंग जाणणाऱ्यांचे वर्तुळ विस्तारले.

१९६५ मध्ये स्थापन झालेल्या 'कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया'चे नरसिंहन पहिले अध्यक्ष होते. सत्तरच्या दशकात सॉफ्टवेअर विकासासाठी राष्ट्रीय केंद्र उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. पुढे हे केंद्र जुहू येथील 'एनसीएसटी' या नावाने ओळखले गेले आणि तेथील पदविका अभ्यासक्रमांतून अनेक सॉफ्टवेअर अभियंते घडले. 'सीएमसी' या सरकारी कंपनीचेही ते पहिले अध्यक्ष होते. १९७८ मध्ये आयबीएमने भारत सोडल्यावर तिच्या संगणकांची देखभाल याच कंपनीच्या भारतीय अभियंत्यांनी सांभाळली.

'पद्मश्री'ने गौरविलेल्या नरसिंहन यांचे २००७ मध्ये निधन झाले. तोवर लाखो तरुणांना सॉफ्टवेअर उद्योगात रोजगार मिळाला होता.