भूल टिकवणारे डॉ. ब्राऊन

दाढ काढताना दंतवैद्य हिरडीत जे इंजेक्शन देतात, त्यात बहुतेक वेळा दोन औषधे असतात. एक हिरडी बधिर करते. दुसरे अगदी अल्प प्रमाणात असते आणि पहिल्याला जागेवर रोखून धरते. ही जोडी रूढ करण्याचे श्रेय जर्मन सर्जन हाइनरिश ब्राऊन यांना जाते.

ब्राऊन यांचा जन्म १८६२ मध्ये राविच या गावी झाला. हे गाव तेव्हा प्रशियात होते, आज पोलंडमध्ये आहे. सर्जन म्हणून त्यांनी लाइपझिगमध्ये जम बसवला. तो काळ क्लोरोफॉर्म आणि ईथरचा होता. पूर्ण बेशुद्धी कधीकधी रुग्णाच्या जिवावर बेतत असे. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखवला आणि हवा तेवढाच भाग बधिर करण्याची वाट खुली झाली. पण कोकेन विषारी. ते रक्तात भराभर शोषले गेले, तर झटके येत, श्वास थांबे. मात्रा कमी केली, तर शस्त्रक्रिया संपण्याआधीच भूल उतरे.

हातापायावर आवळपट्टी बांधली की रक्तप्रवाह मंदावतो आणि भूल जास्त टिकते, हे तोवर कळले होते. पण जबड्याला किंवा पोटाला पट्टी कशी आवळणार? विसाव्या शतकाच्या आरंभी शुद्ध अ‍ॅड्रेनालिन मिळू लागले. ते रक्तवाहिन्या आकुंचित करते. ब्राऊन यांनी कोकेनमध्ये त्याची थोडीशी मात्रा मिसळली आणि आधी स्वतःच्या शरीरावर टोचून पाहिली. कमी कोकेनमध्ये भूल अधिक वेळ टिकली आणि औषध रक्तात सावकाश उतरले. १९०३ मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. ही जणू औषधाची आवळपट्टीच होती.

१९०५ मध्ये त्यांनी नोव्होकेन या नव्या औषधाची रुग्णांवर चाचणी घेतली. ते कोकेनपेक्षा खूपच सुरक्षित होते, पण त्याचा परिणाम लवकर ओसरत असे. अ‍ॅड्रेनालिनची जोड मिळताच ते जगभर वापरात आले. त्याच वर्षी स्थानिक भुलीवरचा त्यांचा ग्रंथ निघाला. पुढे त्यांनी झ्विकाउच्या रुग्णालयाची धुरा सांभाळली. ते रुग्णालय आज त्यांच्याच नावाने चालते. १९३४ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांनी हाताळलेला प्रश्न आजही पावलाच्या शस्त्रक्रियेत समोर येतो. अंगठ्याचे वाकडे हाड सरळ केल्यावर पहिली रात्र फार दुखते. म्हणून गुडघ्यामागे किंवा घोट्याजवळ नसांभोवती भुलीचे इंजेक्शन देतात. ही भूल लांबवण्यासाठी कोणते औषध मिसळावे, याची तुलना भूलतज्ज्ञ सतत करत असतात. आजच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधांत अ‍ॅड्रेनालिनने फारशी भर पडत नाही. शिवाय मधुमेहाने आधीच दुबळ्या झालेल्या नसांचा रक्तपुरवठा त्याने आणखी घटण्याची भीती असते. डेक्सामेथासोनने वेदनामुक्तीचे काही तास वाढतात, पण रक्तातली साखर चढू शकते. डेक्समेडेटोमिडिननेही भूल लांबते, मात्र नाडी मंदावू शकते, रक्तदाब उतरू शकतो आणि गुंगी येते.

भूल लांबली म्हणजे पाऊलही तितका वेळ बधिर राहते. त्यावर भार टाकल्यास पडण्याचा धोका असतो; गरम पाण्याची पिशवी ठेवल्यास भाजलेले कळत नाही. म्हणून शस्त्रक्रियेआधी मधुमेह, हृदयविकार आणि चालू औषधे भूलतज्ज्ञांना सांगावीत आणि भूल साधारण कधी उतरेल, तेही विचारून घ्यावे.

आपल्याकडच्या अस्थिरोग वॉर्डांत मोडलेला पाय ज्या लोखंडी चौकटीवर ठेवतात, त्या बोहलर-ब्राऊन स्प्लिंटमधले ब्राऊन हेच.