डोळस वैद्य जेम्स पार्किन्सन

जुन्नर तालुक्यातील निमगाव सावा असो की दुसरे कोणतेही गाव असो, पारावर एखादे वृद्ध आजोबा बसलेले असतात. हात मांडीवर स्वस्थ असूनही थरथरतो. पाठ वाकलेली आणि चाल मंद झालेली असते. वय झाले, असे म्हणून लोक पुढे जातात. आपल्या वैद्यांनी या व्याधीला कंपवात असे नाव दिले. पाश्चात्त्य वैद्यकात तिचे पहिले स्पष्ट वर्णन जेम्स पार्किन्सन यांनी केले.

पार्किन्सन यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजी लंडनच्या हॉक्स्टन भागात झाला. वडिलांच्या हाताखाली वैद्यकी शिकून त्यांनी तेथेच रोग्यांची सेवा केली. गोरगरिबांची हलाखी पाहून त्यांचे मन व्यथित होई. टोपणनावाने त्यांनी राज्यकारभारावर कडक टीका केली. १७९४ साली राजाच्या हत्येच्या कथित कटासंबंधी त्यांची चौकशी झाली. पण ते डगमगले नाहीत. जीवाश्मांचाही त्यांना मोठा छंद होता.

१८१७ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांनी कंपवातावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यात अवघ्या सहा रोग्यांची हकीकत होती. त्यांपैकी दोघे त्यांना रस्त्यात भेटले होते. एकाला तर त्यांनी केवळ दुरूनच पाहिले होते. इतरांनी ज्याकडे दुर्लक्ष केले, तेच त्यांनी बारकाईने न्याहाळले. रोगाचे कारण मात्र त्यांना उमगले नाही. आपला तर्क अपुरा असल्याचे नम्रपणे मान्य करून त्यांनी पुढील शोध इतरांवर सोपविला. २१ डिसेंबर १८२४ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे फ्रेंच वैद्य शार्को यांनी या रोगाला पार्किन्सन यांचे नाव दिले. १९१९ साली मेंदूतील कृष्णद्रव्य नावाच्या भागातील पेशी या रोगात नष्ट होतात असे दिसून आले. या पेशी डोपामिन नावाचे द्रव्य निर्माण करतात आणि त्यामुळे शरीराच्या हालचाली सुरळीत चालतात. रोपाला जसे पाणी, तशी पेशींना जगविणारी काही प्रथिने असतात. त्यांना वृद्धिघटक म्हणतात. डोपामिनच्या पेशींना तगविणारा असा एक घटक १९९३ साली सापडला. त्यापासून खात्रीचा उपचार अद्याप सिद्ध झालेला नाही. प्रयत्न चालू आहेत.

पार्किन्सन यांचे एकही खात्रीलायक चित्र आज उपलब्ध नाही. तथापि त्यांचा जन्मदिवस जगभर पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो. दुसऱ्याच्या दुःखाकडे लक्षपूर्वक पाहणे हीच ज्ञानाची पहिली पायरी होय, हे त्यांच्या चरित्रावरून दिसते.