अकरा सेकंदांचे उड्डाण

रेडिओ-नियंत्रित विमान उडविण्याचा छंद नव्याने जडलेला माणूस दुकानात शिरला की त्याची नजर प्रथम वळते ती लढाऊ विमानांच्या प्रतिकृतींकडे. स्पिटफायर, मस्टँग यांसारख्या विमानांची देखणी रूपे त्याला भुरळ घालतात. या छंदात मुरलेला जाणकार मात्र त्याला तेथून बाजूला नेतो आणि एक साधेसे, काहीसे बेढब विमान पुढे करतो. त्याचे पंख धडाच्या वर बसविलेले आणि टोकांकडे किंचित उचललेले असतात. शेपटी लांब आणि ऐसपैस असते. पुष्कळदा प्रॉपेलर नाकावर नसून पंखांच्या मागे असतो. नवशिक्याने श्रीगणेशा याच प्रकारच्या विमानाने करावा, असा आता जगभरचा शिरस्ता आहे. या शिरस्त्याचे मूळ शोधीत गेल्यास आपण दीडशे वर्षांमागच्या पॅरिसमध्ये, आल्फोन्स पेनो नावाच्या एका फ्रेंच तरुणापाशी येऊन पोहोचतो. विमानविद्येच्या इतिहासात त्याचे नाव आदराने घेतले जाते. त्याचे आयुष्य मात्र जेमतेम तीस वर्षांचे होते.

पेनो याचा जन्म १८५० साली पॅरिसमध्ये झाला. घराणे नौदलातले. मुलानेही समुद्रावर जावे, ही त्या घराची स्वाभाविक अपेक्षा होती आणि त्याची स्वतःची इच्छाही तीच होती. परंतु खुब्याच्या विकाराने त्याला लहानपणीच गाठले आणि नौदलाचे दार त्याच्यासाठी कायमचे बंद झाले. जहाजाच्या डेकवर उभे राहण्याचे भाग्य नसलेल्या या मुलाने मग आपली सारी बुद्धी दुसऱ्याच एका महासागराकडे, हवेकडे, वळविली.

तो काळही तशा ओढीला पोषक होता. १८७० च्या सप्टेंबरात प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला. शहराचा बाहेरच्या जगाशी संपर्क उरला तो प्रामुख्याने आकाशातून. वेढ्याच्या काही महिन्यांत साठाहून अधिक बलून टपाल आणि माणसे घेऊन शत्रूच्या डोक्यावरून निघून गेले. मंत्री लेओन गाँबेता हेही असेच बलूनमधून निसटले. मात्र वारा नेईल तिकडे जाणारे हे बलून शहराबाहेर पडत, पण परत येऊ शकत नसत. हवेत नुसते तरंगणे वेगळे आणि हवे तिकडे जाणे वेगळे, हा धडा अवघ्या पॅरिसला मिळाला होता. हवेपेक्षा जड असूनही स्वतःच्या बळावर उडणारे यंत्र शक्य आहे काय, या प्रश्नाला त्यामुळे नवी धार आली.

पेनोने या प्रश्नाला हात घातला तो खेळण्याच्या रूपाने. उडत्या खेळण्यांची परंपरा तशी जुनी होती. १७८४ साली लोन्वा आणि बियाँव्ह्यनू या दोघा फ्रेंच माणसांनी पिसांची दोन चक्रे धनुष्याच्या दोरीने फिरवून हवेत चढणारे यंत्र दाखविले होते. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधील सर जॉर्ज केली यांनी तसलेच यंत्र बनवून पाहिले आणि पुढे १८०४ साली स्थिर पंख व शेपटी असलेला ग्लायडरचा नमुनाही उडविला. परंतु धनुष्याची दोरी क्षणात उलगडून जाई, आणि घड्याळाची स्प्रिंग वापरावी तर तिचे वजन नमुन्याला पेलवत नसे. पेनोने १८७० साली यावर साधा तोडगा काढला. रबराला पीळ द्यायचा आणि तो उलगडताना त्याच्याकडून प्रॉपेलर फिरवून घ्यायचा. वजनाच्या मानाने पिळलेल्या रबरात साठणारी शक्ती मोठी असते आणि ती सावकाश वापरता येते. या रबराच्या जोरावर त्याने प्रथम एक चिमुकले हेलिकॉप्टर उडविले. लहान मुलांची रबरावर उडणारी विमाने आजही त्याच युक्तीवर चालतात.

त्याचे खरे कर्तृत्व मात्र पुढच्या वर्षीचे. १८७१ सालच्या १८ ऑगस्ट रोजी पॅरिसच्या त्वीलरी उद्यानात, हवाई संचाराचा अभ्यास करणाऱ्या मंडळींसमोर, त्याने आपले प्लानोफोर नावाचे विमान सोडले. उद्यानाशेजारचा राजवाडा त्याच वर्षीच्या मे महिन्यात, पॅरिस कम्यूनच्या रक्तरंजित अखेरीत जळून गेला होता आणि त्याच्या काळवंडलेल्या भिंती तशाच उभ्या होत्या. त्या भग्नावशेषांच्या सान्निध्यात सुमारे ४६ सेंटिमीटर पंखविस्ताराचे आणि अवघ्या १६ ग्रॅम वजनाचे ते विमान सुमारे अकरा सेकंद उडाले आणि पीळ संपताच अलगद खाली उतरले. त्या १६ ग्रॅममध्ये रबराचे वजन ५ ग्रॅमच्या आसपास होते.

अकरा सेकंदांचे एवढे कौतुक कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर असे, की त्या विमानाला कोणी चालक नव्हता. लगाम नाही, दोरी नाही, रेडिओ तर स्वप्नातही नाही. हातातून सुटल्यावर वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीला त्याला एकट्याने तोंड द्यायचे होते. साधा कागद हवेत सोडला तर तो गिरक्या घेत कोसळतो. पेनोचे विमान कोसळले नाही, कारण त्याने स्थैर्य विमानाच्या बांधणीतच घातले होते.

ही बांधणी समजून घेण्यासारखी आहे. पंखांच्या मागे, दांड्याच्या शेवटाकडे, त्याने एक छोटी आडवी शेपटी बसविली आणि तिचा कोन पंखांच्या कोनापेक्षा मुद्दाम कमी ठेवला, म्हणजे तिची पुढची कड किंचित खाली झुकविली. विमानाचा वेग वाढून नाक खाली गेले की या शेपटीवर हवेचा दाब वरून पडतो, शेपटी खाली दबते आणि नाक पुन्हा वर येते. उलट नाक वर उचलले गेले की शेपटीला खालून आधार मिळतो, ती उचलली जाते आणि नाक खाली येते. वजन पुढच्या बाजूला आणि शेपटी दूर मागे असल्यामुळे तराजूच्या लांब दांडीप्रमाणे तिचा थोडासा जोरही पुरेसा ठरतो.

पंखांची टोके त्याने वर वळविली होती. विमान एका बाजूला कलंडले की ते त्या बाजूला घसरू लागते. घसरताना खालच्या पंखाला हवा अधिक कोनातून भिडते, त्याला अधिक उचल मिळते आणि विमान आपोआप सरळ होते. प्रॉपेलर त्याने अगदी मागे, शेपटीच्याही पाठीमागे बसविला होता. यांतली एखादी कल्पना केली यांच्यासारख्या पूर्वसुरींनीही मांडलेली होती. परंतु या साऱ्यांचा मेळ घालून, स्वतःच्या इंजिनावर स्वतःला सावरीत उडणारे विमान सर्वांच्या डोळ्यांदेखत उडविण्याचे श्रेय पेनोकडे जाते. त्याने ते नुसते उडवून दाखविले नाही, तर ते का उडाले याचे गणितही ‘ल’एरोनॉट’ या नियतकालिकातून मांडले. पुढे फ्रेंच विज्ञान अकादमीनेही त्याच्या कार्याची दखल घेतली.

विशीतल्या या तरुणाला आता माणसाला घेऊन उडणारे यंत्र हवे होते. पॉल गोशो या यंत्रकाराच्या साह्याने १८७६ साली त्याने ज्या विमानाचे पेटंट घेतले, त्याचा आराखडा आजही पाहणाऱ्याला थक्क करतो. दोन माणसांसाठी आसने, परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारे दोन प्रॉपेलर, चालकाच्या डोक्यावर काचेचा घुमट, उड्डाणानंतर आत घेता येणारी चाके, पाण्यावरही उतरण्याची सोय आणि वर-खाली व डावे-उजवे अशा दोन्ही हालचालींसाठी एकच दांडा. यांतील कितीतरी गोष्टी विमानांत रूढ व्हायला पुढे अर्धशतक जावे लागले.

विमान कागदावर सज्ज होते. नव्हते ते इंजिन. सुमारे १२०० किलो वजनाचे हे यंत्र उचलण्यासाठी वीस-तीस अश्वशक्तीचे आणि तरीही हलके इंजिन हवे होते. त्या काळची वाफेची इंजिने त्या मानाने फार जड होती. निकोलाउस ओटो यांचे चार टप्प्यांचे इंजिन जर्मनीत त्याच १८७६ साली आकाराला आले, पण तेही कारखान्याच्या जमिनीवर उभे राहणारे अवजड धूड होते. रबराच्या पिळाने १६ ग्रॅमची अडचण सोडविली होती. १२०० किलोंसाठी तसा पीळ जगात उपलब्ध नव्हता.

पैसाही नव्हता. पेनोने ठिकठिकाणी शब्द टाकून पाहिला. धनिकांना हे मनोराज्य वाटले आणि टवाळीही त्याच्या वाट्याला आली. शरीराचे दुखणे होतेच. त्यात मन खचत गेले. अखेरची आशा होती आंरी जिफार यांच्यावर. १८५२ साली वाफेच्या इंजिनावर चालणारे हवाई जहाज उडविणारे आणि बॉयलरमध्ये पाणी भरणाऱ्या इंजेक्टरच्या शोधातून मोठी संपत्ती मिळविलेले जिफार आपल्याला समजून घेतील, असे त्याला वाटले असावे. तेथूनही हाती काही लागले नाही. १८८० च्या ऑक्टोबरात पेनोने आपले सारे आराखडे लहानशा शवपेटीच्या आकाराच्या पेटीत ठेवले, ती पेटी जिफार यांच्याकडे पोहोचती केली आणि स्वतःचे आयुष्य संपविले. वय होते तीस. दृष्टी गमावत चाललेल्या जिफार यांनीही १८८२ साली तोच मार्ग पत्करला.

पेनोला जे कळले नाही, ते असे. त्याच्या मृत्यूच्या दोन वर्षे आधी, १८७८ साली, अमेरिकेतील आयोवा राज्यात एका धर्मोपदेशकाने प्रवासातून परतताना आपल्या मुलांसाठी एक खेळणे आणले होते. बांबू, बूच आणि कागद यांपासून बनविलेले आणि रबराच्या पिळावर उडणारे ते खेळणे पेनोच्या हेलिकॉप्टरच्या धर्तीचे होते. मुले होती अकरा वर्षांचा विल्बर आणि सात वर्षांचा ऑर्व्हिल राइट. खेळणे मोडले, तेव्हा दोघांनी स्वतः तशी आणखी बनविली. मात्र आकार वाढवीत गेले तसे ते नीट उडेना, हे पाहून दोघेही कोड्यात पडले. उड्डाणाविषयीच्या आपल्या कुतूहलाचा उगम या खेळण्यात असल्याचे त्यांनी मोठेपणी नमूद केले आहे. अमेरिकेतच सॅम्युअल लँग्ली यांनी पेनोच्या पद्धतीचे रबरी नमुने बनवून अभ्यास केला आणि १८९६ साली वाफेवर चालणारे त्यांचे चालकविरहित विमान जवळजवळ एक किलोमीटर उडाले.

राइट बंधूंनी पुढे पेनोहून वेगळी वाट धरली, हे येथे सांगितले पाहिजे. विमानाने स्वतःला सावरावे यापेक्षा चालकाने त्याच्यावर पूर्ण हुकूमत गाजवावी, असे त्यांचे मत होते. १९०३ सालच्या त्यांच्या विमानाचे पंख टोकांकडे खाली झुकलेले होते. ते विमान क्षणभरही मोकळे सोडता येत नसे. त्यासाठी त्यांनी आधी ग्लायडरवर शेकडो उड्डाणांचा सराव केला होता. म्हणजे विमानविद्येला दोन गुरू लाभले. एकाने न चालविता उडणारे विमान दिले, तर दुसऱ्यांनी विमान चालविण्याची विद्या दिली.

पहिले रेडिओ-नियंत्रित विमान निवडताना हा फरकच निर्णायक ठरतो. वॉल्टर आणि विल्यम गुड या अमेरिकी बंधूंनी १९३७ साली ‘गफ’ हे रेडिओ-नियंत्रित विमान यशस्वीपणे उडविले, तेव्हापासून हा छंद हळूहळू सामान्यांच्या आवाक्यात येत गेला. पण नवशिक्याची अडचण बदललेली नाही. विमान आपल्या दिशेने येऊ लागले की त्याचे डावे-उजवे आपल्या डावे-उजव्याच्या उलट होते. गोंधळलेला हात चुकीकडे वळतो आणि मग ती चूक निस्तरताना दुप्पट चूक होते. लढाऊ विमानाची प्रतिकृती अशा वेळी दयामाया दाखवीत नाही. तिचे पंख खाली आणि सपाट असतात, वेग जास्त असतो आणि वेग जरा कमी झाला की ती एका पंखावर कलंडते. पेनोच्या घराण्यातले विमान मात्र दांडे सोडून दिले आणि खाली पुरेशी उंची असली, तर स्वतःच सरळ होते.

म्हणून निवड करताना रंगरूप बाजूला ठेवून बांधणी पाहावी. पंख धडाच्या वर आणि टोकांकडे उचललेले असावेत. पंखविस्तार साधारण एक ते दीड मीटर असला की विमान दूरवरूनही नीट दिसते. अगदी लहान विमान वारा भिरकावून देतो. आकाराच्या मानाने वजन कमी असावे, म्हणजे ते सावकाश उडते आणि विचाराला वेळ मिळतो. सुरुवातीला मोटरचा वेग, शेपटीचा वर-खाली होणारा भाग आणि सुकाणू ही तीन नियंत्रणे पुरतात. पंखांवरचे आयलेरॉन नंतर शिकावेत. फोमचे विमान आपटले तरी गोंदाने सांधता येते, बाल्सा लाकडाचे दुरुस्त करायला कौशल्य लागते. प्रॉपेलर मागे असला तर नाकावर आपटूनही तो बहुधा वाचतो. वजनाचा मध्य पुस्तिकेत सांगितलेल्या जागीच येईल अशी बॅटरी बसवावी. तो मागे सरकला, तर पेनोने साधलेले सारे गणित बिघडते.

हल्ली अनेक विमानांत जायरोवर चालणारी इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरणाची सोय असते. कलंडलेले विमान ती क्षणात सरळ करते आणि नवशिक्याला तिचा मोठा आधार वाटतो. तिचा लाभ जरूर घ्यावा. परंतु निवड करताना, ही सोय बंद केल्यावरही विमान नीट उडते काय, हे विचारून घ्यावे. उपकरण चुकीचे जोडले गेले किंवा बिघडले तर सारी भिस्त बांधणीवरच असते, आणि पेनोने वर वळविलेल्या पंखांना बॅटरी लागत नाही.

अशा विमानावर हात बसला, वळणे आणि उतरणे अंगवळणी पडले, की राइट बंधूंच्या वाटेने जायला हरकत नाही. मग आयलेरॉन आहेत, कोलांट्या आहेत, आणि दुकानाच्या फळीवर थांबलेली ती स्पिटफायरही आहे. पेनोला मात्र या दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचता आले नाही. त्याच्या पदरात पडली ती अकरा सेकंदे. एखाद्या रविवारी सकाळी मोकळ्या मैदानावर कोणा नवशिक्याच्या हातून दांडा सुटतो आणि तरीही विमान पडत नाही, तेव्हा ती पुन्हा मोजता येतात.