देवगिरीचा वारस : राजा रामदेवराव यादव

मंदिराच्या जीर्णोद्धाराचा विषय निघाला की हेमाडपंताचे नाव ओठांवर येतेच. परंतु हा हेमाडपंत ज्याच्या पदरी होता त्या रामदेवरावाची हकीकत आपल्याकडे अर्धीच सांगितली जाते. अल्लाउद्दीन आला, गोणींत धान्याऐवजी मीठ निघाले आणि राज्य गेले, एवढीच. गादी गेली कशी हे सर्वांस ठाऊक आहे. ती मिळाली कशी, हेही वालीवच्या ग्रामस्थांनी व देणगीदार बंधुभगिनींनी जाणून घेण्यासारखे आहे. आपला हा मुलूखही त्याच गादीच्या अमलाखाली होता.

देवगिरीचा राजा कृष्णदेव, म्हणजेच कान्हरदेव, १२६०-६१ च्या सुमारास वारला. त्याचा मुलगा रामचंद्र वयाने लहान, म्हणून राज्य धाकटा भाऊ महादेव याच्याकडे गेले. महादेव पराक्रमी होता. उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर याचा त्याने १२६५ च्या सुमारास समुद्रावरील लढाईत नाश केला आणि ठाणे, सोपारा, साष्टी हा प्रदेश यादवांकडे आला. बोरिवलीजवळ एक्सर येथील वीरगळांवर कोरलेली गलबते त्याच लढाईतील असावीत, असे अभ्यासक मानतात.

पुतण्या जाणता झाल्यावर गादी त्याची त्याला परत मिळायला हवी होती. पण १२७०-७१ मध्ये महादेव वारला आणि त्याचा पुत्र अम्मणदेव राजा झाला. थोरल्या पातीचा वारस जिवंत असता धाकट्या पातीचा मुलगा सिंहासनावर बसला!

देवगिरीचा किल्ला बळाने घेणे अशक्यच. तेव्हा रामदेवाने युक्ती केली. नाचगाण्याच्या ताफ्याच्या मिषाने त्याची माणसे किल्ल्यात शिरली आणि अम्मण खेळ पाहण्यात दंग असता त्यांनी त्याला पकडले. पुरुषोत्तमपुरीच्या शके १२३२ च्या ताम्रपटात या प्रसंगाचा निर्देश आहे. महानुभाव परंपरेत पुढे असेही सांगितले जाते की कैद झालेल्या अम्मणाचे डोळे काढण्यात आले. हक्क रामदेवाचा होता याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण सख्ख्या चुलत भावावर केलेले हे क्रौर्य त्या हक्काने धुऊन निघत नाही.

हेमाडपंत महादेवाचा करणाधिप होता. रामदेवानेही त्याला त्याच जागी ठेवले. कारभार चालवायला जाणती माणसे लागतात, हे नव्या राजाने ओळखले होते. ठाण्यास सापडलेल्या शके ११९४ व १२१२ च्या ताम्रपटांत रामदेवरावाचे इकडील अधिकारी अच्युत नायक व कृष्णदेव यांची नावे आहेत. नेवाशास शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तिच्या अखेरीस या राजाचा आदराने उल्लेख आहे.

पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात ‘चौऱ्यांशीचा लेख’ आहे. चौऱ्यांशीच्या फेऱ्यातून सुटका व्हावी म्हणून भाविक तिला पाठ घाशीत, त्यामुळे शिळा झिजली आहे. पण तो लेख आहे देणगीदारांच्या यादीचा! शके ११९५ ते ११९९ या काळात ज्यांनी ज्यांनी द्रव्य दिले त्यांची नावे व रकमा तीत कोरल्या आहेत. रामचंद्रदेव आणि हेमाडपंडित यांची नावेही त्याच शिळेवर आहेत, साध्या भक्तांच्या नावांसोबत.

पुढचे दिवस वाईट आले. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा थोरला मुलगा शंकरदेव सैन्य घेऊन दूर गेला होता. राजाला खंडणी कबूल करावी लागली. ती थकल्यावर १३०७ च्या सुमारास मलिक काफूरने त्याला दिल्लीस नेले. सुलतानाने मानाची पदवी देऊन परत पाठविले. इसामी या फारसी इतिहासकाराच्या मते रामदेवाची एक कन्या अल्लाउद्दीनच्या जनानखान्यात होती. तिचा मुलगा शिहाबुद्दीन १३१६ मध्ये कोवळ्या वयात दिल्लीच्या तख्तावर बसविला गेला आणि काही महिन्यांतच त्याचेही डोळे गेले. तेथेही वारसाचाच तंटा होता.

रामदेवराव १३११ च्या सुमारास वारला. शंकरदेवाने खंडणी नाकारली व तो काफूरच्या हातून मारला गेला. जावई हरपाळदेव उठला, त्याचा १३१८ मध्ये मुबारक खिलजीने वध केला, आणि देवगिरीचे राज्य संपले.

आमच्या भागात मात्र वारसाची एक गोष्ट उरलीच. देवगिरी पडल्यावर रामदेवाचा पुत्र बिंबदेव कोकणात उतरला व माहीमला त्याने राज्य केले, असे महिकावतीची बखर सांगते. ही बखर वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. बिंबदेव खरोखर यादवांचा की गुजरातेकडून आलेल्या दुसऱ्या कुळाचा, यावर विद्वानांचे एकमत झालेले नाही. वसई-माहीमकडील कित्येक घराणी मात्र आपले मूळपुरुष बिंबराजाबरोबर आले असे आजही सांगतात.