आधी खराटा, मग कीर्तन

गावात गेल्यावर आधी बोलायचे की आधी काम करायचे, हा प्रश्न विस्ताराचे काम करणाऱ्या प्रत्येकाला पडतो. गाडगेबाबांनी त्याचे उत्तर पन्नास वर्षे करून दाखवले.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर हे त्यांचे मूळ नाव. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यात, परटाच्या घरी. वडील दारूपायी लवकर गेले. आई त्यांना घेऊन मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला माहेरी आली. तिथे डेबूजींनी गुरे राखली, नांगर धरला, शेतीत नाव काढले. पण मामा निरक्षर. सावकाराच्या कागदात शेत अडकले आणि हातचे गेले. कर्ज, दारू अन् अडाणीपण यांवर बाबा पुढे बोलले, ते घरात सोसलेले होते. मुलीच्या बारशाला त्यांनी दारू-मटणाची रीत मोडून गोडाचे जेवण घातले, तेव्हा भाऊबंदही नाराज झाले.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि गाडगे. नव्या गावात लोक वेडा समजून हसायचे, पोरे मागे लागायची. बाबा मुकाट्याने रस्ते, गटारे झाडायचे. संध्याकाळी त्याच जागी कीर्तन. उपदेश थोडा, प्रश्नच जास्त. लोक स्वतःच्या तोंडाने उत्तर देत आणि तिथेच अर्धे काम होई. नवस-बकऱ्यावर खर्च करू नका, कर्ज काढून लग्न करू नका, पोरांना शाळेत घाला, शिवाशिव पाळू नका, एवढेच सांगणे. लोकांच्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपवली. स्वतःच्या कुटुंबाला मात्र त्यातले काही दिले नाही.

या कामाची किंमत घरच्यांनीही मोजली. बायको-मुलांनी हलाखीत दिवस काढले. १९२३ साली मुलगा गोविंद वारला, तेव्हा बाबा बाहेरगावी कीर्तनाला होते. बातमी कळूनही त्यांनी कीर्तन थांबवले नाही. हे मोठेपण खरे, पण त्यामागे एका आईचे एकटीचे रडणे होते, हेही विसरू नये.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ प्रवासातच त्यांचा देह पडला. दारू संपली नव्हती, सावकारीही नाही. पण त्यांच्यामुळे कित्येक पोरे शाळेत गेली, कित्येक गावे हाती खराटा घ्यायला शिकली. २००० साली शासनाने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचेच नाव दिले.

आपल्याकडे सभेत माना डोलतात आणि सकाळी पेरणी जुन्याच पद्धतीने होते. मन खट्टू होते. अशा वेळी आठवावे, बाबाही दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी जाऊन पुन्हा झाडायलाच सुरुवात करीत. सांगणाऱ्याने आधी बांधावर उतरून हात मळवले, तर उशिरा का होईना, गाव ऐकते.